पापलेटाचा कल्ला

पापलेट ताजा की शिळा हे ओळखायचं तर त्याचा कल्ला उघडून बघावा. लाल असला तर घ्यावा, काळपट असला तर गप्प बसून दुसऱ्या टोपलीकडे वळावं. यातला पहिला भाग कांदिवलीच्या भानजी बिल्डिंगमध्ये पोराटोरांनाही ठाऊक होता. दुसरा, म्हणजे गप्प बसण्याचा भाग, लवू धुरीला ठाऊक नव्हता, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

सदुसष्ट सालची दिवाळी नुकतीच सरली होती. रविवार, सकाळचे साडेनऊ. सुंदराबाई कोळीण मढहून टोपली घेऊन आली होती आणि नेहमीसारखी जिन्याखाली ऐसपैस बसली होती. भोवती बिल्डिंगमधल्या बायका, आणि बायकांच्या मागे काखेत वर्तमानपत्र घेऊन लवू.

लवू एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होता. पण भानजी बिल्डिंगमध्ये त्याला मान होता तो त्या हुद्द्यामुळे नव्हे. तो मालवणी होता, आणि मालवणी माणसाला माशातलं कळतं ही मुंबईत सर्वमान्य गोष्ट आहे. खरं सांगायचं तर लवूचं गाव पार सह्याद्रीच्या पायथ्याशी. समुद्र तिथून बावीस मैल. लहानपणी त्याने मासा पाहिला तो चुलीत भाजलेला सुका बांगडा, आणि तोही अर्धा, कारण दुसरा अर्धा थोरल्या भावाचा. पण मुंबईत एकदा 'मालवणी' म्हटलं की लोक तुम्हाला होडीतच जन्मलेला समजतात. लवूनेही हा गैरसमज दूर करायची कधी घाई केली नव्हती. उलट गेली आठ वर्षं दर रविवारी तो खाली उतरून टोपलीतल्या मालावर चार शब्द बोलायचा, आणि बायका मान डोलवायच्या. हेडक्लार्कला ऑफिसात कोण मान डोलवतं?

तर त्या दिवशी त्याने एक पापलेट उचलला, कल्ला उघडला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "शिळा."

त्याची बायको वनमाला पुढेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "ऱ्हवांदे. खाली ठेवा तो."

पण वीस बायका ऐकत असताना नुसतं 'शिळा' म्हणून थांबणं हे तज्ज्ञाला शोभत नाही. "शिळा म्हणजे किती शिळा," लवू आवाज चढवून म्हणाला, "तर तीन दिवसांचा. बर्फातला माल आहे हा. पाणी मारून चकचकीत केलाय."

सुंदराबाई उठली. ती बसलेली असताना नुसती भक्कम दिसायची. उभी राहिली की जिना अरुंद वाटायचा.

"तीन दिवस? जन्मतारीख पन सांगतोस काय रं त्याची?"

"बाई, मी मालवणी आहे. मला मासा शिकवू नकोस."

"मालवणी हाय तर एक मासा धरून दाव ना!" सुंदराबाईचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचला. "सोताच्या हातानं. गळानं धर, जाळ्यानं धर, नायतर तुझ्या लेंग्यानं धर. एक मासा! तवर या बिल्डिंगीत माझी टोपली उतरायची नाय. कोनासाठीच नाय!"

आणि तिने पाटी झाकली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कोणाचंही न ऐकता चालू पडली. पापलेट लवूच्या हातातच राहिला होता. ती चार पावलं परत आली, तो हिसकावून घेतला आणि गेली.

पहिला आठवडा कोणाला फारसं काही वाटलं नाही. येईल चार दिवसांनी राग शांत झाला की, असं सगळे म्हणाले. ती आली नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आली, समोरच्या चाळीत आली, पण भानजी बिल्डिंगच्या फाटकापाशी पोचली की मान दुसरीकडे करून पुढे. दुसऱ्या कोळणींनी तिच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही असा त्यांचा आपसातला कायदा होता. वनमाला बाजारात गेली तर तिथल्या कोळणीने विचारलं, "तुमीच काय त्या पापलेटवाल्याची बायको?" आणि टोपलीवर फडकं ओढून घेतलं. बातमी वनमालाच्याही आधी बाजारात पोचली होती.

दुसऱ्या रविवारी बिल्डिंगमधले पुरुष लवूच्या खोलीत जमले. घरात कोणी गेलं की जमतात तसे, एकमेकांकडे न बघता.

"धुरी, तुम्ही मालवणी माणूस," तळमजल्यावरचे एक वडीलधारे म्हणाले. "एक मासा धरायला तुम्हाला असा किती वेळ लागणार? धरा आणि मोकळं करा सगळ्यांना."

खरं सांगायची ही वेळ होती. लवूने तोंड उघडलं आणि त्यातून शब्द आले ते असे: "एक काय, टोपली भरून आणतो."

मंडळी चहा पिऊन गेल्यावर वनमालाने कपबशा गोळा करताना विचारलं, "तुमी कधी मासो धरलात?"

"धरलंय नाय म्हणान काय झाला? रक्तात असता ता."

"पाण्यात तरी कधी उतरलात?"

"पावसात ऑफिसाक जातंय मां!" लवू म्हणाला.

आता सल्ल्यांना सुरुवात झाली. आणि या जगात एक नियम आहे: ज्याचा ज्या गोष्टीशी संबंध नाही, त्याचा सल्ला सर्वांत पक्का असतो. समोरच्या खोलीतले विद्याधर लिमये शाळेत भूगोल शिकवायचे आणि शुद्ध शाकाहारी होते. दुसऱ्याच दिवशी ते लायब्ररीतून आणलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन हजर झाले.

"धुरी, मत्स्यवेध हे शास्त्र आहे," लिमये म्हणाले. "तुम्ही कोकणातले लोक ते अंगवळणी पडलेलं समजता, तिथे चुकता. समुद्रात शिरू नका. समुद्र अफाट आहे, मासे पांगलेले असतात. तलाव बंदिस्त. मासा जाऊन जाऊन जाईल कुठे?"

लवूला हे पटलं. शिवाय तलावाला लाटा नसतात, हा एक मुद्दा त्याने मनात ठेवला.

लिमये इतका रस का घेत होते याचं बिल्डिंगमध्ये कौतुक झालं. कारण फक्त लवू आणि वनमालाला माहीत होतं. दर बुधवारी संध्याकाळी वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर चर्चा करायला लिमये लवूकडे येत, दार लोटून घेत, आणि चर्चा ताटातल्या बांगड्याच्या तिकल्यावर होत असे. गेले दोन बुधवार वनमालाने त्यांना उसळ वाढली होती. लिमये ती खाऊन अग्रलेखाचं नावही न काढता उठले होते.

तलाव ठरला तो पवईच्या अलीकडचा की पलीकडचा ते सांगत नाही. तिथला कारकून अजून नोकरीत असला तर त्याला उगाच त्रास. तिथे मासे धरायला परवाना लागत असे. लवू हसला. परवाने ही तर त्याची घरची भाकरी. आयुष्यभर त्याने लोकांचे अर्ज या बाजूने पाहिले होते. आज पहिल्यांदा तो खिडकीच्या त्या बाजूला उभा राहिला.

कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. मग खालून वर वाचला.

"रॉडची लांबी लिहिली नाही."

"रॉड अजून घ्यायचाय."

"मग घ्या, मोजा, लिहा. रकाना सात. पोहता येतं का? नाही लिहिलंय तुम्ही."

"खरं तेच लिहिलं."

"मग हमीपत्र पाहिजे. बुडालात तर तक्रार करणार नाही, असं."

"कोण, मी?"

"तुम्हीच. नमुना आतल्या खोलीत मिळेल. आतल्या खोलीचे साहेब रजेवर आहेत. उद्या या."

'उद्या या' हे शब्द त्या माणसाने असे उच्चारले, की त्यात ना राग ना लोभ, जणू उद्या सूर्य उगवणार आहे इतकंच तो सांगत होता. लवूला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी आदरही वाटला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याला स्वतःला तो सूर साधला नव्हता. लवू तीन वेळा गेला. दुसऱ्या वेळी फोटोवरची सही राजपत्रित अधिकाऱ्याची असली तरी शाई हिरवी नव्हती. तिसऱ्या वेळी कारकून शिक्का मारता मारता थांबला आणि म्हणाला, "आमिष कसलं वापरणार? गांडूळ असेल तर वेगळा अर्ज."

"गांडूळ नाही," लवू घाईने म्हणाला. "बेसन."

हे लिमयांच्या पुस्तकातलं होतं. भाजलेलं बेसन, साजूक तूप, हिंग आणि बडीशेप एकत्र मळून गोळ्या कराव्यात, तळ्यातला मासा त्या वासाने वेडा होतो. गोळ्या प्रेमा लिमयांनी, म्हणजे विद्याधररावांच्या पत्नींनी केल्या. कशासाठी ते त्यांना नीटसं सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी सवयीने त्यात चवीपुरतं मीठ आणि थोडा ओवाही घातला. गळाची काठी म्हणून लिमयांच्याच घरातली कपडे वाळत घालायची वेळूची काठी आली.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता दोघे तलावावर पोचले. लवूने गळ टाकला. पहिल्यांदा तो मागच्या झाडात अडकला. दुसऱ्यांदा लिमयांच्या टोपीत. तिसऱ्यांदा पाण्यात पडला आणि दोघांनी हात मिळवले.

मग काही झालं नाही. दहा वाजले, अकरा वाजले. पाणी चकाकत होतं, पलीकडे एक म्हैस डुंबत होती. लिमये पुस्तकातून माशांच्या मानसशास्त्राचं प्रकरण वाचून दाखवत होते. साडेअकराला लवूने नवी गोळी घ्यायला डबा उघडला तर डबा निम्मा रिकामा.

"लिमये, गोळ्या कुठे गेल्या?"

लिमयांनी पुस्तक खाली ठेवलं. त्यांच्या मिशीला बेसन लागलं होतं. "प्रेमाच्या हाताला चव आहे हो," ते अपराधी सुरात म्हणाले. "आणि सकाळपासून पोटात काही नाही."

उरलेल्या गोळ्यांतल्या शेवटच्या गोळीला, दुपारी सव्वाएकला, काठी वाकली. लवूला आधी वाटलं, पुन्हा काहीतरी अडकलं. मग दोरी आपोआप डावीकडे सरकू लागली. "धुरी! ओढा! नाही, ढील द्या! पान एकशे बारा!" लिमये नाचू लागले. लवूने डोळे मिटून काठी उचलली, आणि हवेतून चांदीचं काहीतरी वळवळत आलं आणि त्याच्या छातीवर आपटलं.

मासा! जिवंत! लवूने दोन्ही हातांनी तो शर्टाशी दाबून धरला. त्या क्षणी त्याच्या मनात जे झालं ते त्याने पुढे कोणालाच नीट सांगितलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तलावाच्या काठावर उन्हात उभ्या असलेल्या त्या हेडक्लार्कला गाव आठवलं, चुलीपाशी बसलेला थोरला भाऊ आठवला, आणि त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की हा पुरा आहे, अर्धा नाही.

तेवढ्यात तलावाचा पहारेकरी आला. त्याच्या हातात शाळेतल्यासारखी लाकडी फूटपट्टी होती.

"परवाना बघू. ठीक आहे. मासा खाली ठेवा." त्याने फूटपट्टी लावली. "साडेआठ. नऊ इंचांखालचा पाण्यात सोडायचा. मागच्या बाजूला छापलंय."

"अहो, अर्ध्या इंचाचा प्रश्न आहे!"

"साहेब, सगळे अर्ध्या इंचावरच बोलतात."

"शेपटी ओढून मोजा ना. आणि हे बघा, मी स्वतः सरकारी माणूस आहे."

"मीपण," पहारेकरी म्हणाला.

लवूने आजवर कितीतरी लोकांना अर्ध्या इंचासाठी परत पाठवलं होतं. कोणाची सही रेघेबाहेर गेली होती, कोणाचा अंगठा पुसट. त्याने मासा पाण्यात सोडला. मासा क्षणभर तिथेच थांबला, बहुधा त्याचाही विश्वास बसला नसावा, आणि मग गेला.

बिल्डिंगमध्ये लिमयांनी साक्ष दिली. पण लिमयांचे हात, बोलता बोलता, साडेआठ इंचांवरून दीड फुटापर्यंत गेले, आणि मग कोणाचाच विश्वास बसला नाही. "निदान फोटो तरी काढायचा," लोक म्हणाले. तळमजल्यावरून कोणीतरी म्हणालं, "मालवणी ना हो तुम्ही?" या प्रश्नाचा सूर लवूच्या काळजाला लागला. त्या दिवशी घरोघरी पुन्हा बटाटा शिजला.

ऑफिसात लवूच्या शेजारच्या टेबलावर कॉस्मस परेरा बसायचा. तो कांदिवलीच्याच गावठाणातला, बापजाद्यांपासून मुंबईत राहिलेला ख्रिस्ती माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बेसनाचे लाडू घालून मासे धरतो काय रे तू? मासा आहे की व्याही? यार लवू, तळं सोड. मढला माझा एक दोस्त आहे, सहदेव. त्याची मशीनची होडी आहे. दिवाळीच्या सुमाराला चार दिवस बिघडून किनाऱ्यावर पडली होती, आता चालू आहे. रविवारी चल. तिथे पट्टी घेऊन कोण उभा नाय."

"समुद्रात?"

"नाय, समुद्राच्या बाजूच्या गच्चीवर! समुद्रातच ना!"

लवूने होकार दिला तो एकाच कारणाने. नकार दिला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी पहाटे मढच्या किनाऱ्यावर कॉस्मसने त्याला सहदेवच्या हवाली केलं. सहदेव काळाकभिन्न, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने लवूच्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं, पायातल्या बुटांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "बूट कॉस्मसकडं द्या." कॉस्मस स्वतः होडीत चढला नाही. "मला चर्चमध्ये मासला जायचंय, संडे आहे ना," असं म्हणून त्याने लवूच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते लवूला तेव्हा नीट वाचता आलं नाही.

होडी निघाली. पहिली दहा मिनिटं झकास गेली. वारा गार होता, पूर्वेला आभाळ तांबडं होत होतं. लवूने होडीच्या टोकाशी उभं राहून कमरेवर हात ठेवले. मग किनारा दिसेनासा झाला आणि होडी एकदा वर गेली. वर जाण्याबद्दल लवूची काही तक्रार नव्हती. ती खाली आली तेव्हा मात्र त्याचं पोट तिच्याबरोबर आलं नाही.

आठ वर्षांत भानजी बिल्डिंगमध्ये बसून त्याने समुद्राचं जे काही खाल्लं होतं, ते त्या दिवशी त्याने समुद्राला व्याजासकट परत केलं असं त्याला वाटलं. एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या बाजूने. सहदेव जाळी ओढत होता, त्याचे दोघे गडी ओरडत होते, लवू मध्यभागी दोरखंडाच्या वेटोळ्यावर पालथा पडून देवाला सांगत होता की मासा नको, फक्त जमीन दाखव.

परतीच्या वाटेवर, पाणी जरा शांत झाल्यावर, सहदेवने त्याला हाताला धरून बसवलं आणि गळाची दोरी त्याच्या मुठीत दिली. "कॉस्मस बोलला, तुमाला सोताच धरायचा हाय. धरा. झटका लागला की ओढा. पन एक ऐका. शिंगाळा आला तर हात लावू नका. काटा लई वाईट."

"शिंगाळा कसा दिसतो?" असं विचारायला हवं होतं. पण मालवणी माणूस हे कसं विचारणार? लवूने फक्त जाणकारासारखी मान हलवली.

झटका लागला. लवूने ओढलं. दोरी हाताला कापत होती, तो ओढत राहिला, आणि होडीच्या फळ्यांवर एक करडा, मिशाळ, हातभर लांब मासा येऊन आदळला. नऊ इंच? दीड फूट होता! लिमयांचे हात जिथे पोचले होते तिथपर्यंत! "सुटेल! सुटेल!" म्हणून लवू ओरडला आणि त्याने त्याच्यावर झडप घातली.

पुढची किंकाळी किनाऱ्यावर चर्चमधून बाहेर पडणाऱ्या लोकांना ऐकू आली असं कॉस्मस सांगतो. कॉस्मसचं सगळंच खरं धरू नये. पण तो मासा शिंगाळा होता, त्याचा काटा लवूच्या उजव्या तळहातात मुळापर्यंत घुसला होता, आणि तरीही लवूने मासा सोडला नाही. कोणी कोणाला धरलं होतं ते ठरवणं अवघड होतं.

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा सहदेवच्या गड्यांनी लवूला खांद्यांना धरून पाण्यातून चालवत आणलं. चेहरा हिरवट, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, उजवा हात फडक्यात गुंडाळून टरटरून सुजलेला, डाव्या हातात कल्ल्यात दोरी ओवलेला शिंगाळा. वाळूत टोपल्या घेऊन कोळणी उभ्या होत्या. त्यांच्यात सर्वांत पुढे, नवऱ्याच्या होडीची वाट बघत, सुंदराबाई.

लवूने तिच्याकडे पाहिलं, तिचा नवरा निघालेल्या सहदेवकडे पाहिलं आणि मग मागे पोट धरून हसत उभ्या असलेल्या कॉस्मसकडे पाहिलं.

"कॉस्मस, हरामखोरा," एवढंच तो म्हणू शकला.

सुंदराबाई हसली नाही. तिने त्याचा हात पाहिला आणि त्याला आपल्या घराच्या पडवीत नेऊन बसवलं. चुलीवरचं कढत पाणी पातेल्यात ओतून त्याचा हात त्यात दाबला. लवू कळवळला. "ऱ्हा," ती म्हणाली. "कढत पान्यानंच उतरतंय ते." पंधराएक मिनिटं दोघं तशीच बसली, तिने त्याचं मनगट धरून ठेवलेलं, आणि ठणका खरंच ओसरू लागला. मासा तिच्या पायाशी पडला होता.

"धरलास," ती म्हणाली.

"धरला."

सुंदराबाईने मागे वळून पाहिलं, जवळपास कोणी नाही याची खात्री केली. "तो पापलेट," ती खाली बघत म्हणाली, "तीन नाय, चार दिसांचा होता."

लवूने हात पाण्यातून वर काढला, तिने तो परत दाबला.

"पंधरा वर्सं ही टोपली डोईवर हाय. घोवाच्या होडीतला सोडून दुसरा मासा कवा इकला नाय. मशीन मोडलं, होडी वर घेतली. घरात बसले तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून भायेरचा बर्फातला माल घेतला. एकच दिस. आनि त्याच दिशी तुला वास आला. सगळ्यांच्या समोर बोललास. खरं बोललास, म्हणून जास्ती राग आला." तिने पदराने नाक पुसलं. "चल, मी येते तुझ्यासंगती. बिल्डिंगीसमोर सांगते, हा मानूस खरा होता."

मढ ते मालाड, मालाड ते कांदिवली, सगळ्या वाटेवर लवू त्या एका दृश्याचा विचार करत होता. जिन्याखाली सगळी बिल्डिंग. सुंदराबाई सगळ्यांसमोर कबुली देतेय. तळमजल्यावरचे वडीलधारे मान खाली घालताहेत. नुसत्या वासावरून तीन दिवस! एक दिवस चुकला, पण एक दिवस म्हणजे काय? आयुष्यभराच्या मानाची सोय झाली होती. शेजारी सुंदराबाई टोपली मांडीवर घेऊन बसली होती आणि वाटभर पदराचं टोक पिळत होती.

भानजी बिल्डिंगच्या फाटकात टोपली दिसली तशी पोरं ओरडत वर पळाली. दोन मिनिटांत जिना भरला. लिमये पायात चपला न घालताच उतरले. लवूने डाव्या हाताने शिंगाळा उंच केला, टाळ्या पडल्या. मग सुंदराबाईने टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि ती म्हणाली, "ऐका. त्या दिशीचा तो पापलेट..."

तिचा आवाज नेहमीसारखा तिसऱ्या मजल्यावर गेला नाही. पहिल्या पायरीवरच अडखळला. लवूने तिच्याकडे पाहिलं. जिना आज अरुंद वाटत नव्हता.

"ताजा होता," लवू मोठ्याने म्हणाला.

पायऱ्यांवरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"त्या दिवशीचा पापलेट ताजा होता. चूक माझी. मला माशातलं काही कळत नाही. माझं गाव डोंगरात आहे, समुद्र तिथून बावीस मैल. मी आज पहिल्यांदा होडीत बसलो, आणि..." इथे तो थांबला, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. "आणि सगळा वेळ ओकत होतो."

"म्हणजे तुम्ही मालवणी नाही?" तळमजल्यावरच्यांनी विचारलं.

"आहे. पण कोरडा."

आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा जिना हसायला लागला. हसण्याच्या त्या भरात लिमयांना काय वाटलं कोण जाणे. सत्य बोलण्याची साथ असावी. ते एक पायरी वर चढले. "आज मीही एक सांगतो. प्रेमा, मी बुधवारी..."

"बांगडा खाता," प्रेमाबाई वरच्या कठड्यावरून म्हणाल्या. "चार वर्षं झाली. मिशीचा वास मला येत नाही का? घरी या आता, आणि माझी वलणीची काठी कुठाय ते सांगा."

सुंदराबाई हसली नव्हती. ती लवूकडे बघत होती. मग तिने टोपलीवरचं फडकं काढलं आणि तिचा आवाज परत आला. "चला, काय बगत बसल्यात! ताजा माल हाय, सकाळचा! कल्ला उघडून बगा, कोनी पन बगा!"

त्या दुपारी भानजी बिल्डिंगच्या प्रत्येक खोलीतून तळणाचा वास येत होता. लवू पाटावर बसला होता. उजवा हात मांडीवर भोपळ्यासारखा पडलेला. पुढे ताटात शिंगाळ्याचं लालभडक कालवण आणि वाफाळलेला भात. डाव्या हाताने जेवायचं की नाही या धर्मसंकटात तो होता, तेवढ्यात वनमाला समोर येऊन बसली आणि तिने ताट स्वतःकडे ओढलं.

"हसले सगळे," लवू म्हणाला. "आता जन्मभर हसतले."

"हसांदेत." वनमालाने भात कालवला. "त्या पापलेटाक वास येय होतो. माका त्याच दिवशी इल्लो."

लवू ताठ झाला. "मगे तेव्हा बोललंस कित्याक नाय?"

"बोललंय. खाली ठेवा म्हटलंय. तुमी आयकलात खंय?" तिने घास केला. "आठ वर्सां तुमी लोकांसमोर खरा बोलतात नि मी लाजेन मरतंय. आज पयल्यांदा खोटा बोललात. बरा वाटला माका."

यावर लवूकडे बोलण्यासारखं बरंच होतं. निदान तीन मुद्दे तरी होते. त्याने ते मांडायला तोंड उघडलं, आणि वनमालाने त्यात घास भरला.

"काटो बघून खावा," ती म्हणाली.